व्हेंटिलेटरची ‘सवय’ लागते का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या वेळी लिहिलं होतं आयसीयूतल्या संसर्गाबद्दल. पत्रं आली व्हेंटिलेटरबद्दल, आणि निम्म्याहून अधिक पत्रांत एकच वाक्य : ‘सवय लागली तर?’ म्हणून या वेळी तेवढाच विषय. एक आधीच सांगते, पत्र वाचून मला कुणाची मशीन कमी-जास्त करता येत नाही. ते काम पलंगाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांचं. त्यांना काय विचारायचं, एवढं मी सांगू शकते.

प्रश्न : वडील आठ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. शेजारचे म्हणतात, एकदा सवय लागली की मशीन सुटत नाही. खरं आहे का? (सातारा)

सवय तंबाखूची लागते. व्हेंटिलेटरची लागत नाही. होतं ते वेगळंच.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास आत घेण्याचं बरंचसं काम तो एकटा करतो. आपल्याकडे अजपाजपाच्या, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपाच्या, हिशेबात दिवसाचे श्वास 21,600 धरतात, म्हणजे मिनिटाला 15. हिशेब अगदी रास्त आहे. जन्मल्यापासून एक दिवस रजा न घेतलेला हा गडी, आणि मशीन सगळं काम ओढून घेते तेव्हा तो फार झपाट्याने वाळतो. 2008 मध्ये अमेरिकेत मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले गेले. 18 ते 69 तास त्या स्नायूने स्वतः काहीच केलेलं नव्हतं. तेवढ्यात त्याच्या तंतूंचा आडवा छेद क्षेत्रफळाला निम्म्याहून कमी झाला होता. पायाला सहा आठवडे प्लास्टर घातल्यावर पोटरी बारीक होते ते सगळ्यांनी पाहिलंय. इथे मोजणी तासांची आहे.

म्हणून वडिलांच्या बाबतीत ‘किती दिवस झाले’ यापेक्षा ‘त्यातले स्वतःचे श्वास किती’ हे महत्त्वाचं. त्यांच्या डॉक्टरांना नेमकं हेच विचारा.

प्रश्न : व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलं, असं समजायचं का? बिलासाठी मेलेल्या माणसालाही लावून ठेवतात, असा मेसेज आला होता. (जळगाव)

नाही. मण्यार चावून पापणीही न हलणारा माणूस मशीनवर तग धरतो आणि काही दिवसांनी घरी चालत जातो. असे रुग्ण आपल्या जिल्हा रुग्णालयांतही पाहायला मिळतात. बिलाची शंका असेल तर रोजचं तपशीलवार बिल मागा, तो तुमचा हक्क आहे. फॉरवर्ड मला पाठवू नका.

प्रश्न : आईला न्यूमोनिया झालाय. सकाळी तिचं झोपेचं औषध बंद करतात. ती तळमळते, ट्यूबकडे हात नेते, डोळ्यांत पाणी येतं. आम्हाला बघवत नाही. ‘तिला झोपवूनच ठेवा’ असं आम्ही डॉक्टरांना लिहून दिलं तर चालेल का? (नाशिक)

हे पत्र मी दोनदा वाचलं. बघवत नाही हे मला समजतं, तरीही लिहून देऊ नका.

गुंगी खोल असते तेव्हा मेंदूकडून श्वासपटलाला हुकूम फारसा जात नाही. मशीन मिनिटाला ठरलेले श्वास देत राहते, आकडे छान दिसतात, रुग्ण शांत असतो, नातेवाईक समाधानी असतात. आणि या शांततेत तो स्नायू वाळत असतो. मी रेसिडेंट होते तेव्हा रात्र शांत जावी म्हणून आम्हीच औषध वाढवून ठेवायचो. सकाळी राउंडला ‘पेशंट कम्फर्टेबल’ असं सांगायचं आणि पुढे सरकायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी मशीन काढायला गेलो की तोच पेशंट दहा मिनिटांत घामाघूम. फुप्फुसं साफ, एक्स-रे चांगला, ताप नाही, मग अडतंय कुठे? आम्ही फुप्फुसाकडेच बघत बसलो होतो. भाता ओढणारा हातच लुळा पडला होता.

हे फक्त माझं मत नाही. 2000 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी रोज एकदा गुंगी थांबवून रुग्णाला जागं केलं. त्या गटात मशीनचे दिवस साधारण 7 वरून 5 वर आले. पुढे 2008 मध्ये याला दुसरी गोष्ट जोडली गेली : रोज सकाळी गुंगी थांबवायची आणि रुग्ण तयार दिसला तर लगेच स्वतःच्या श्वासाची चाचणी घ्यायची. बहुधा अर्धा तास मशीनचा आधार अगदी कमी करतात, किंवा मशीन सोडवून नळीला टी-पीस, म्हणजे नुसता ऑक्सिजन देणारा T आकाराचा जोड लावतात, आणि पाहतात. या जोडीने तर रुग्ण लवकर सुटलेच, शिवाय वर्षभरात जगलेल्यांची संख्याही जास्त निघाली.

आणि माझा सगळ्यात मोठा राग : ‘आज शनिवार आहे, सोमवारी बघू.’ श्वासपटलाला रविवार कळत नाही. चाचणी न घेण्याचं वैद्यकीय कारण असेल तर ते जरूर असावं. घसरलेला रक्तदाब टिकवण्याची औषधं जोरात चालू आहेत, ऑक्सिजन खूप लागतोय, मेंदूवर सूज आहे, सतत झटके येताहेत, फुप्फुस इतकं खराब आहे की काही काळ स्नायू मुद्दाम शिथिल ठेवावे लागताहेत. यांतलं काही असेल तर चाचणी पुढे ढकलणं किंवा गुंगी चालू ठेवणंच बरोबर, आणि तेव्हा हा लेख दाखवून डॉक्टरांशी भांडू नका. पण कारण सांगता आलं पाहिजे.

तुम्ही काय कराल? औषध बंद होईल त्या वेळी आत जायची परवानगी मागा. आईचा हात धरा, चष्मा लावा, ऐकू येण्याचं यंत्र असेल तर तेही लावा, वार आणि वेळ सांगा. ट्यूब आहे म्हणून बोलता येत नाही, हे तिला दहा वेळा सांगावं लागेल, ते सांगा. दुखत असेल तर वेदनेचं औषध वेगळं असतं. ते चालू आहे ना, हे सिस्टरांना विचारा. तळमळ खूपच असेल तर डॉक्टर औषध पुन्हा कमी मात्रेत सुरू करतात. तो निर्णय त्यांचा.

प्रश्न : मग सगळा आधार काढूनच टाकावा, म्हणजे भरपूर व्यायाम होईल? (कोल्हापूर)

अहो, नाही! बैलजोडीत एक दांडगा असला की दुसरा नुसता सोबत चालतो, हे खरं. पण म्हणून आजारी बैलाच्या मानेवर एकट्यावर जू टाकत नाहीत. जास्त ताण पडला तरी श्वासपटलाचे तंतू दुखावतात, आणि जोरजोरात ओढलेल्या श्वासाने आधीच सुजलेलं फुप्फुस आणखी बिघडतं. आधार किती ठेवायचा हे श्वासाची गती, रक्तातले वायू, मानेचे स्नायू ताणले जाताहेत का, हे बघून ठरतं. काही ठिकाणी सोनोग्राफीने श्वासपटल किती जाड होतंय तेही पाहतात. हे ठरवणारे तुमचे डॉक्टर.

प्रश्न : भावाला 2025 च्या सुरुवातीला पुण्यातल्या साथीत जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) झाला होता. तो बरेच आठवडे मशीनवर होता. तेव्हाच श्वासाचा व्यायाम घेतला असता तर लवकर सुटला असता का? (सिंहगड रस्ता)

बहुधा नाही. मनातून काढून टाका. वर लिहिलेलं सगळं बसून राहिलेल्या स्नायूबद्दल आहे. जीबीएसमध्ये बिघाड मुळात नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा असतो. तार तुटलेली असताना बल्ब बदलून काय उपयोग? नस सावरेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि दमवणारा व्यायाम उलट थकवा वाढवतो. भाऊ आता कुठल्या टप्प्यावर आहे ते न्यूरॉलॉजिस्टना दाखवून मगच व्यायाम ठरवा.

प्रश्न : श्वासाचे स्नायू बळकट करणारं यंत्र आणि प्रोटीन पावडर, दोन्ही आयसीयूत नेऊन देऊ का? दुकानदार म्हणतो, सगळे नेतात. (ठाणे)

दुकानदार आणखी काय म्हणणार? तीन गोळ्यांचं जे यंत्र दुकानात मिळतं ते खोल श्वास घ्यायला लावण्यासाठी असतं. स्नायूला ठरावीक ओझं देणारं यंत्र वेगळं, ते फिजिओथेरपिस्ट रुग्णाची ताकद मोजून लावतात, आणि त्यासाठी रुग्ण जागा हवा. घरून नेलेली पावडर तर अजिबात नको. नळीतून काय आणि किती द्यायचं हे आहारतज्ज्ञ ठरवतात. मूत्रपिंडं बिघडलेल्या रुग्णाला प्रेमाने दिलेलं शहाळ्याचं पाणीही महागात पडू शकतं, त्यातल्या पोटॅशियममुळे. विचारायचंच असेल तर फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम तपासलंय का ते विचारा. ही कमी असली की श्वासपटल दुबळं पडतं.

प्रश्न : मशीनच्या नळीसाठी गळ्याला भोक पाडलं की ते कायमचं राहतं का? (अकोला)

बहुतेकांचं नाही. गरज संपल्यावर नळी काढतात, आणि सहसा भोक आपोआप भरतं. गुंगी कमी लागते, हाही त्याचा फायदा. कधी करायचं ते ईएनटी आणि आयसीयूचे डॉक्टर मिळून सांगतील.

प्रश्न : बाबा घरी आले, पण जिना चढताना धाप लागते. फुगे फुगवायला देऊ का? कपालभाती? (बेळगाव)

फुगा हवा बाहेर सोडून फुगतो. श्वासपटलाचं काम हवा आत घेण्याचं. कपालभाती सध्या नको, फॉलो-अपला विचारून मगच. चालणं मात्र आजपासून. आधी घरातल्या घरात, मग फाटकापर्यंत, रोज थोडं पुढे. दम लागला की थांबायचं.

एक गोष्ट रात्री बघा. बाबा उताणे झोपल्यावर श्वास घेताना पोट वर यायला हवं. ते आत जात असेल, किंवा आडवं झाल्याबरोबर धाप लागून त्यांना उठून बसावं लागत असेल, तर पुढच्या पत्राची वाट पाहू नका. छातीच्या डॉक्टरांकडे दुसऱ्याच दिवशी घेऊन जा. ओठ निळसर दिसले किंवा ते गुंगल्यासारखे वाटले तर रात्रीच, थेट कॅज्युअल्टीत.