पिवळा पॅड मऊ की कडक?

या वेळी टपालात फोम पॅडचीच पत्रं जास्त आहेत. घरगुती डीए (ड्युअल अॅक्शन) पॉलिशर, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता झुलवणारं गाडी पॉलिश करायचं मशीन, आता ऑनलाइन सहज मिळतो, सोबत पाच-सहा रंगीत पॅड फुकट येतात आणि रविवारी सकाळी बॉनेटवर प्रयोग सुरू होतो. नागपुरात हिंगणा रोडला माझं डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या बारकाईने धुऊन चमकवायचं, दुकान आहे, त्यामुळे त्या प्रयोगाचं पुढे काय झालं ते सोमवारी मला बघायला मिळतं. पत्रं थोडक्यात देते, उत्तरं जमतील तशी.

प्रश्न (बेसा) : ताई, माझ्याकडे 8 एमएमचा (पॅडच्या झोक्याचं माप) डीए पॉलिशर आहे. व्हिडिओत सांगितलं होतं की पिवळा पॅड फिनिशिंगचा. मी पिवळा आणून काळ्या गाडीच्या दारावर फिरवला, तर दार धुरकट दिसायला लागलं. पॅड डुप्लिकेट लागला का?

उत्तर : डुप्लिकेट असेलच असं नाही, भाऊ. व्हिडिओतला पिवळा एका कंपनीचा, तुमचा दुसऱ्या कंपनीचा. पॅडच्या रंगांना सगळ्यांचं मिळून ठरलेलं असं काही प्रमाण नाही. कडक पॅड कटिंगचा, म्हणजे ओरखडे घासून काढायचा; मधला पॉलिशिंगचा; मऊ फिनिशिंगचा, म्हणजे शेवटची चकाकी आणायचा. रुपेसमध्ये निळा सगळ्यात कडक, मग हिरवा, पिवळा बारीक कामाचा आणि पांढरा त्याहून मऊ. लेक कंट्रीच्या नेहमीच्या पॅडमध्ये पिवळा चक्क कटिंगचा; नारिंगी त्याहून सौम्य, पांढरा पॉलिशिंगचा, काळा फिनिशिंगचा. मॅग्वायर्सचा मरून कटिंगचा आणि पिवळा मधल्या कामाचा. बिननावाच्या सेटमध्ये रंग कुणी कशावरून ठरवले ते विचारूच नका.

म्हणून पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग हे लिहिलेलं असेल तोच पॅड घ्या. सेट आधीच घरात आला असेल, तर सगळे पॅड ओळीने मांडून अंगठ्याने दाबा. अंगठा आत जायला कुरकुर करतो, वरचा पृष्ठ हाताला खरबरीत लागतो आणि सोडल्याबरोबर फोम ताडकन वर येतो, तो कटिंगचा. सहज दबतो, गुळगुळीत लागतो आणि सावकाश फुगतो, तो फिनिशिंगचा. उरलेले मधले. मार्करने मागे नाव लिहून ठेवा, महिन्याभराने आठवत नाही.

तुमच्या दाराचं म्हणाल, तर धुरकटपणा म्हणजे कडक पॅडने उठवलेली अगदी बारीक ओरखड्यांची दाट जाळी. काळ्या रंगावर ती लगेच दिसते, पांढऱ्यावर असती तर तुम्ही पत्रही लिहिलं नसतं. मऊ पॅड, बारीक फिनिशिंग पॉलिश आणि मशीनच्या वजनापेक्षा फारसा जास्त दाब नाही, एवढ्यात ती निघायला हवी.

पण दार आधी आणि चाचणी नंतर, हा क्रम उलटा करा. बॉनेटवर फूटभर चौकोन टेपने आखा. मधला पॅड, मधलं पॉलिश, एवढ्यावर सुरुवात. पुसून टॉर्चच्या उजेडात बघा. जाळी गेली असेल तर तेच जोड अख्ख्या गाडीला पुरे. नसेल गेली, तर पॉलिश तेच ठेवून फक्त पॅड एक पायरी कडक घ्या. दोन्ही एकदम बदललं की कशाने काम झालं तेच कळत नाही. आमच्या धंद्यात कटिंग पॅड आणि जाड कंपाऊंडने (भरड, जास्त घासणाऱ्या पॉलिशने) सुरुवात करणारे खूप आहेत, कारण चकाकी दहा मिनिटांत दिसते आणि गिऱ्हाईक खूश होतं. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मात्र साधारण 35 ते 50 मायक्रॉनचाच असतो. झेरॉक्सच्या कागदाची जाडी 100च्या आसपास धरा, म्हणजे अंदाज येईल. उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. तो फार झिजवला की काही वर्षांनी छत आणि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटतात, आणि त्यावर जगातला कुठलाही पॅड चालत नाही, रंगच द्यावा लागतो.

मशीन चालवायची पद्धत एकदा नीट सांगते. नव्या पॅडवर आधी थोडं पॉलिश बोटाने सगळीकडे चोळून घ्या, कोरडा फोम रंगावर टेकवू नका. नंतर दर वेळी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब बस. दोन बाय दोन फुटांपेक्षा मोठा तुकडा घेऊ नका. पॅड आधी पत्र्यावर टेकवा, मग बटण दाबा. उचलण्याआधी बंद करा. हवेत चालू केलात तर पॉलिशचे शिंतोडे भिंतीवर आणि तुमच्या शर्टावर. सर्वांत कमी वेगावर पॉलिश पसरवून घ्या, मग वेग 4-5वर नेऊन उभे-आडवे मिळून चार ते सहा फेरे, प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढलेला. हात सावकाश. मशीनच्या बॅकिंग प्लेटच्या (पॅड चिकटतो त्या चकतीच्या) कडेला मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसते तोवर काम चालू आहे. नुसती थरथरायला लागली की दाब जास्त झाला किंवा पॅड तिरका धरला आहे. आणि पॅड प्लेटपेक्षा थोडा मोठाच हवा, 5 इंची प्लेटला साडेपाच इंचाचा. दोन्ही सारखे असले आणि पॅड जरा सरकला, की प्लेटची कड थेट रंगावर आपटते.

प्रश्न (कोराडी रोड) : गाडीवर रोज राखेचा थर बसतो. सोसायटीतला मुलगा सकाळी कोरड्या फडक्याने पुसतो. आता उन्हात गाडीभर गोल गोल जाळी दिसते. मे महिन्याच्या सुट्टीत घरीच पॉलिश करू का?

उत्तर : आधी ते फडकं बंद करा, ताई. पॉलिशचा खर्च वाया जातो तो तिथेच. औष्णिक वीज केंद्राच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असतं, म्हणजे कणाकणाने घासकागदच. पाण्याच्या जोराने राख उडवल्याशिवाय गाडीला हातच लावायचा नाही, फडकं तर दूरच. त्या मुलाला कामावरून काढू नका, त्याला बादली आणि शॅम्पू आणून द्या.

पॉलिशच्या दिवशी गाडी धुतल्यावर हात प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर कण रंगात रुतलेले आहेत आणि क्ले बार, म्हणजे असे कण ओढून काढणारी मातीसारखी वडी, लावावाच लागेल. हा टप्पा चुकवला की तेच कण फोमच्या छिद्रांत शिरतात आणि पॅड फिरेल तिथे तुमच्याच हाताने नवी जाळी पडते.

राहिला मे महिना. नागपुरात पारा 45च्या घरात असताना उन्हातला काळा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. तिथे पॉलिश टेकताच वाळतं, भुकटी होते, पॅडला चिकटून ढेकळं बनतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर हे काम नकोच. त्याआधी करायचं असेल तर रात्रभर सावलीत उभी असलेली गाडी, पहाटे सुरू आणि नऊच्या आत बंद. तळहात पत्र्यावर आरामात टेकत असेल तरच पुढचा तुकडा घ्या. बंपरवर दुप्पट सांभाळा. तो प्लास्टिकचा असल्याने उष्णता पत्र्यासारखी पसरून जात नाही, एका जागीच साठते. अजून एक : बरेच जण कुलर गाडीकडे तोंड करून लावतात. कुलर तुमच्या पाठीवर असू द्या. त्याची हवा धूळ आणते, आणि बोअरच्या पाण्याचे शिंतोडे पत्र्यावर वाळले की पांढरे डाग वेगळे काढत बसावे लागतील.

प्रश्न (वाडी) : घरी अँगल ग्राइंडर आहे. त्यालाच बसणारा फोम पॅड बाजारात मिळतो. वेगळी मशीन कशाला घ्यायची?

उत्तर : घ्यायची, कारण चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000च्या आसपास फेरे घेतो आणि पॉलिशिंगचं काम 600 ते 2,000 फेऱ्यांत होतं. त्या वेगाला कडेवरचा रंग डोळ्यांदेखत जळतो, आणि पॅड निसटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. पॅडवर आणि प्लेटवर कमाल वेग छापलेला असतो, तो वाचा. खरी रोटरी मशीनही नवशिक्याने घेऊ नये. ती जोराने फिरतच राहते, एका जागी दोन क्षण थांबली की खूण उमटते. डीएचा पॅड अडला तर निदान फिरायचा थांबतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधूनच माणूस घराबाहेर पडतो. मशीनजवळ तो काढून ठेवा. गळ्यातला गमछा, ओढणी, सुटलेले केस, बाहीचं लोंबतं बटण, फिरणाऱ्या पॅडला काहीही चालतं. वायर खांद्यावरून मागे टाका, जमीन ओली असेल तर मशीन लावूच नका, घरात ईएलसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असू द्या. चष्मा आणि मास्क लावा, कारण वाळलेल्या पॉलिशची पूड घशात जाते.

प्रश्न (सदर) : दोन गाड्या केल्या आणि पॅडचं मधलं वेल्क्रो सुटलं. पॅड टिकवायचे कसे?

उत्तर : एकाच पॅडवर अख्खी गाडी काढली असणार. उष्णता पॅडच्या मध्यात साठते आणि वेल्क्रोचा गोंद सोडते. एका मध्यम गाडीला त्याच प्रकारचे चार-पाच पॅड हवेत. दोन-तीन पॅनल झाले की बदला, पहिला गार होऊ द्या. प्रत्येक तुकड्यानंतर मऊ ब्रशने पॅड झाडायचा. काम झाल्यावर लगेच कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. फोमची बाजू खाली करून सावलीत वाळवा. गच्चीवरच्या उन्हात नाही आणि वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबात नाही. वाळल्यावर झिपच्या पिशवीत. फोम फाटला, कडेला चिरा गेल्या किंवा दाबल्यावर वर येईनासा झाला, तर त्याने टायर पॉलिश करा.

प्रश्न (इतवारी) : वडिलांची जुनी लाल मारुती 800 आहे. पॉलिश करताना पॅड लालभडक झाला. रंग निघतोय का?

उत्तर : निघतोय, पण घाबरू नका. जुन्या साध्या रंगाच्या बऱ्याच गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसतो, म्हणून वरचा निस्तेज थर थेट पॅडवर येतो. नव्या, क्लिअर कोटवाल्या गाडीत असा रंग आला तर मात्र मशीन तिथेच बंद करा. तुमच्या गाडीला मऊ पॅड, बारीक पॉलिश आणि दाराच्या कडा, बॉनेटची धार यांवर मास्किंग टेप. तिथे रंग आधीच पातळ असतो. मध्ये कुठे राखाडी प्रायमर डोकावतोय असं वाटलं तर त्या जागी हाताने मेण लावून सोडून द्या. आणि ते लाल झालेले पॅड कितीही धुतलेत तरी घरातल्या पांढऱ्या गाडीला लावू नका.