वाचकांचे प्रश्न : वाड्यातील वाय-फाय आणि रानातील बिनतारी जोडणी

प्रश्न : साताऱ्यातील शनिवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. सोप्यावर राउटर बसवला असून तेथे इंटरनेट उत्तम चालते; मात्र माजघर ओलांडून मागच्या खोलीत गेले, की मुलीचा ऑनलाइन तास सारखा तुटतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घेतल्यास फरक पडेल का? दुकानदार ‘बूस्टर’ लावा असे सांगतात. तो घ्यावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : प्लॅन वाढवू नये. आपण ज्या वेगाचे पैसे भरता तो फायबरमधून राउटरपर्यंत येतो. राउटरपासून मोबाइलपर्यंतचा प्रवास रेडिओ लहरींवर होतो आणि त्याचे नियम निराळे आहेत. सोप्यावर सर्व सुरळीत चालते, याचाच अर्थ घरात येणारी जोडणी निर्दोष आहे आणि अडचण घराच्या आत आहे.

वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्यातील साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांशच उरते. वाटेत भिंत आली तर ती आणखी घटते, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ च्या लहरींपेक्षा भिंतीत अधिक खर्ची पडतात. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या रुंद भिंती हा तर मोठाच अडथळा आहे, आणि पावसाळ्यात त्यांनी ओल धरली की त्यातील पाणीही लहरी शोषून घेते. मोबाइलवर सिग्नल मोजणारे एखादे ॲप घेऊन पाहावे. सोप्यावर ते उणे ५० आणि मागच्या खोलीत उणे ८० दाखवत असेल, तर हा फरक दिसतो तेवढा लहान नाही, कारण या मापात (डीबीएम) आकडा दर दहाने खाली गेला की शक्ती एक दशांश होते. मागे पोहोचणारी शक्ती सोप्यावरच्या एक हजारांश इतकीच आहे.

सिग्नल क्षीण झाला की राउटर आणि मोबाइल आपसांत वेग उतरवून घेतात, कारण सावकाश पाठवलेली माहिती गोंगाटातही ओळखता येते. मात्र याची झळ घरातील सर्वांना बसते, आणि हा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही म्हणून तो विस्ताराने मांडतो. प्रत्येक पट्ट्याचे लहान भाग पाडलेले असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येते. माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जाते. पंधराशे बाइटचे एक पाकीट ३०० एमबीपीएसने पाठवायला एका मिलिसेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. तेच ६ एमबीपीएसने पाठवायला दोन मिलिसेकंद, म्हणजे पन्नासपट वेळ, हवा अडून राहते. मागच्या खोलीतील एक मोबाइल रखडत असताना सोप्यावरचा टीव्हीही अडखळतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

कोणी केव्हा बोलायचे ही पाळी ठरवणारा कोणी मध्यस्थ साधारणपणे नसतो. ग्रामसभेत समंजस माणूस दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबतो, तसे प्रत्येक उपकरण आधी चॅनेल मोकळे आहे का हे ऐकते, मग क्षणाचाही अगदी लहान, स्वैरपणे निवडलेला अंश थांबते आणि त्यानंतर पाठवते. पोच आली नाही तर पाकीट वाटेत हरवले असे धरून पुन्हा पाठवते. या विचाराचे मूळ हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांच्या अलोहानेट या रेडिओ जाळ्यात आहे. ते १९७१ साली सुरू झाले. त्यात आधी ऐकण्याची अट नव्हती, पण पोच न आल्यास स्वैर अवधीनंतर पुन्हा पाठवण्याची कल्पना तेथूनच पुढे आली. वाय-फायचे पहिले मानक, ८०२.११, १९९७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा वेग केवळ १ आणि २ एमबीपीएस होता. वेग पुढे कित्येक पटींनी वाढला, तरी आधी ऐकून मग बोलण्याची शिस्त कायम राहिली.

आता बूस्टरविषयी. त्याचे खरे काम सिग्नल वाढवण्याचे नसून आलेले पाकीट पुन्हा एकदा पाठवण्याचे आहे. साधा, स्वस्त बूस्टर हे त्याच चॅनेलवर करतो, त्यामुळे प्रत्येक पाकिटासाठी हवा दोनदा अडते आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो नेमका मागच्या खोलीत, जिथे सिग्नल मुळातच पोहोचत नाही तिथे लावतात. मग तो त्या क्षीण जोडणीचीच पुनरावृत्ती करतो. अधिक शक्तीचा राउटर घेऊनही भागत नाही, कारण मोबाइलचे उत्तर मोबाइलच्याच लहानशा शक्तीने परत यायचे असते.

माझा सल्ला असा, की सोप्यावरच्या राउटरपासून माजघरापर्यंत कॅट-६ केबल भिंतीच्या कडेने न्यावी आणि तेथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट वाय-फायवर देणारे उपकरण, बसवावा. ही केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस (१००० एमबीपीएस) वेग देते, म्हणजे वाड्यासाठी ती पुरून उरते. दोन्हींचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावे, चॅनेल मात्र वेगळे द्यावे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हीच तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. पेठेत शेजाऱ्यांचे राउटर पुष्कळ असल्यामुळे मधलेच ३ किंवा ८ निवडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. एकाच चॅनेलवरील उपकरणे एकमेकांना ऐकून पाळी तरी धरतात, अर्धवट चढलेल्या चॅनेलवरील बोलणे दुसऱ्याला केवळ गोंगाट म्हणून ऐकू येते. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक यांसारखी जागची न हलणारी उपकरणे शक्यतो केबलनेच जोडावीत, म्हणजे हवा मोबाइलसाठी मोकळी राहते.

प्रश्न : वाय-फायचे नाव लपवले तर ते सुरक्षित होते का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. नाव लपवले तरी उपकरण जोडले जाताना ते हवेतून उघडपणे जाते आणि ऐकणाऱ्याला मिळते. सुरक्षितता सांकेतिकीकरणावर, म्हणजे माहिती इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात पाठवण्यावर, अवलंबून असते. डब्ल्यूपीए३ ही २०१८ ची पद्धत उपलब्ध असल्यास ती, नाहीतर २००४ ची डब्ल्यूपीए२ निवडावी आणि पासवर्ड लांब ठेवावा. जुन्या राउटरमध्ये अजून डब्ल्यूईपी ही त्याआधीची पद्धत दिसत असेल तर ते वापरूच नये. त्यातील दोष २००१ सालीच उघड झाले आहेत. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्डही बदलावा.

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमच्या घरापासून बेदाण्याचे शेड सुमारे ४०० मीटरवर आहे. मध्ये उसाचे रान आहे. घरचे इंटरनेट शेडपर्यंत नेऊन चार कॅमेरे चालवता येतील का, आणि त्यासाठी परवाना लागतो का?
— एक वाचक, जिल्हा सांगली

उत्तर : नक्की चालवता येतील. घराच्या गच्चीवर आणि शेडवर समोरासमोर रोखलेले, ५ गिगाहर्ट्झचे दोन दिशादर्शी अँटेना बसवावे लागतील. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला आहे. उपकरण मात्र मान्यताप्राप्त असावे.

खरी काळजी खांबाच्या उंचीची घ्यावी. दोन अँटेना एकमेकांना नुसते दिसणे पुरेसे नसते, कारण लहरी सरळ रेषेभोवतीची बरीच जागा व्यापून जातात. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ४०० मीटरच्या जोडणीत मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे सव्वादोन मीटर भरते आणि त्यातील निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. कारखान्याची तोड संपल्यावर, रान मोकळे असताना बसवलेली जोडणी त्या दिवशी झकास चालते आणि पुढे ऊस वाढला की पाण्याने भरलेली पाने तिला गिळू लागतात. म्हणून उभा ऊस साडेतीन मीटरचा धरून, मध्यावर ही रेषा जमिनीपासून सहा मीटरवर राहील अशा बेताने दोन्ही खांब उभारावेत. मध्ये आंब्याचे किंवा लिंबाचे झाड येत असेल तर रेषा बाजूने काढावी.

शेडवरचा अँटेना पत्र्याच्या वर, मोकळ्यावर असावा. पत्र्याखाली तो निरुपयोगी ठरेल. चार कॅमेऱ्यांना प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तरी १६ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे महागडे, अतिवेगवान उपकरण घेण्याऐवजी ते पैसे मजबूत खांबावर आणि अर्थिंगवर खर्च करावेत. वळवाच्या दिवसांत विजेचा कडकडाट सुरू होण्यापूर्वी अँटेनाकडून खाली येणाऱ्या केबलला सर्ज संरक्षक (विजेचा अचानक आलेला जादा दाब उपकरणापर्यंत पोहोचू न देणारा) बसवून घ्यावा आणि खांब स्वतंत्रपणे जमिनीशी जोडावा.