बोकाजमध्ये शिरलं की माझी कंपनी पंधरा मिनिटांत का संपते?

प्रश्न असा आहे: 'दापोलीजवळ राहतो. कॉम्बॅट मिशन या संगणकावरच्या युद्धखेळाचा नॉर्मंडीचा भाग खेळतो. अमेरिकन पायदळाची कंपनी घेऊन बोकाजमध्ये, म्हणजे तिथल्या बांध-कुंपणांनी वेढलेल्या लहान शेतांत, शिरलो की पंधरा मिनिटांत अर्धी माणसं जातात, सोबत रणगाडे असले तरी. लॅपटॉप जुना आहे आणि पावसाळ्यात नेटचा भरवसा नसतो. काय चुकतंय?'

दापोलीच्या माणसाला बोकाज वेगळा समजावून सांगायची गरज नाही. दोन बागांमधला जांभ्याचा गडगा, त्यावर माजलेली करवंदीची जाळी, दोन गडग्यांमधून जाणारी खोल पाणंद आणि आत शिरायला एकच बेडं, म्हणजे फाटक. नॉर्मंडीत दगडाच्या जागी मातीचा बांध आहे, मुळांनी आवळून घट्ट झालेला, आणि वर दाट झाडोरा. आता समोरच्या गडग्याच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक मशीनगन लपली आहे असं धरा. तुमची माणसं बेड्यातून एकामागून एक आत येतात आणि मोकळ्या कुणग्यात (शेतात) दोन्ही बाजूंनी गोळ्या खातात. जर्मनांनी १९४४ साली हेच केलं होतं, आणि खेळातला संगणकही बहुतेक वेळा तसंच करतो. तुमचं घोडं अडतंय ते बहुधा या बेड्यापाशी.

तेव्हा पहिली गोष्ट, बेड्यातून शिरू नका. ती जागा शत्रूने आधीच निशाण्यावर घेतलेली असते. इंजिनिअर टोळीकडे स्फोटकं असतात. 'ब्लास्ट' आज्ञा देऊन बांधात दुसरीकडे भोक पाडता येतं. इथे एक खाचखळगा आहे. ब्लास्टचा बिंदू बांधापलीकडे ठेवावा लागतो आणि स्फोट झाला की टोळी आपणहून भोकातून त्या बिंदूकडे धावते. पलीकडचं कुंपण आधी माऱ्याने दाबलेलं नसेल तर पहिले मरतात ते इंजिनिअरच. स्फोटकं मोजकीच असतात, तेव्हा नकाशावर किती बांध ओलांडायचे आहेत ते सुरुवातीलाच मोजा. यादीत राइनो शर्मन हा अमेरिकन रणगाडा असेल तर तो बांध फोडून जातो. त्याच्या नाकावरचे दात अमेरिकन सैनिकांनी जर्मनांच्याच किनाऱ्यावरच्या लोखंडी अडथळ्यांतून बनवले होते, आणि २५ जुलै १९४४ ला सुरू झालेल्या ऑपरेशन कोब्राच्या आत शेकडो रणगाड्यांना ते लावले गेले.

आता शिरण्याआधीचं काम, म्हणजे पाहणं. खेळाचा एक टर्न ६० सेकंदांचा असतो, म्हणून ४५ मिनिटांच्या लढाईत पहिली दहा मिनिटं नुसती बघण्यात गेली तरी काही बिघडत नाही. तुकडी (स्क्वॉड) फोडून दोन माणसांची स्काउट टोळी काढा. तिला 'हंट'ने बांधापर्यंत न्या, म्हणजे काही दिसलं की ती आपोआप थांबते. तिच्याभोवती लहानसा 'टार्गेट आर्क' (गोळीबाराची हद्द) आखा, नाहीतर समोर कोणी दिसलं की गोळी झाडून ती स्वतःची जागा उघड करते. बाकीची तुकडी एक बांध मागे ठेवा. स्काउट टोळी बांधाला अगदी लागून बसली तरच तिला पलीकडचं दिसतं. दोन-तीन टर्न तिथेच बसू द्या. लगेच काही दिसलं नाही म्हणजे समोर कोणी नाही, असं नव्हे. आणि तिला जे दिसलं ते कंपनीला त्याच क्षणी कळत नाही. हाक, नजर किंवा रेडिओ यांतून बातमी पोचावी लागते. स्काउट आपल्या प्लाटूनच्या (कंपनीच्या एका भागाच्या) नायकाच्या नजरेआड गेले की त्यांचं पाहणं वाया जातं.

मग दाबणं, म्हणजे शत्रूला डोकं वर काढू न देणारा मारा. लोक इथेच कंजूषपणा करतात. शत्रू दिसलाच पाहिजे असं नाही, कुंपणावरच निशाणा लावता येतो. एक तुकडी आणि तिवईवरची एम१९१९ मशीनगन समोरच्या दोन्ही कोपऱ्यांवर लावा. मशीनगन मांडायला वेळ लागतो, म्हणून ती हल्ल्याच्या आधी दोन-तीन टर्न जागेवर असू द्या. रणगाड्याला 'टार्गेट लाइट' द्या, म्हणजे मुख्य तोफेचे गोळे न खर्चता तो मशीनगनच चालवेल. कोपऱ्यात नक्की कोणीतरी आहे असं कळलं की एक टर्न पूर्ण 'टार्गेट' द्या.

अमेरिकेच्या २९ व्या पायदळ डिव्हिजनने त्या उन्हाळ्यात बसवलेली पद्धत खेळात जवळजवळ जशीच्या तशी चालते. रणगाडा आधी समोरच्या कोपऱ्यांत गोळे टाकायचा (त्यांचे पांढऱ्या फॉस्फरसचे असत) आणि मग मशीनगनने अख्खं कुंपण झोडायचा. तेवढ्यात ६० मिमी उखळी तोफ कुंपणामागे मारा करायची, आणि त्या आडोशाने एक तुकडी शेत ओलांडायची. एका शेताला एक रणगाडा, एक तुकडी, एक मशीनगन, एक उखळी तोफ आणि इंजिनिअर. तिन्ही प्लाटून तीन शेतांत एकदम घातलेत तर एवढा मारा पुरत नाही. माझ्या मते तुमची दुसरी चूक हीच आहे.

मारा थांबला की दबलेला शत्रू फार लवकर डोकं वर काढतो. म्हणून आपली माणसं अर्ध्या शेतापलीकडे जाईपर्यंत मारा चालू ठेवायचा. आपल्याच रायफलींच्या गोळ्यांनी आपली माणसं मरत नाहीत, पण दबतात, आणि तोफगोळे तर आपलं-परकं बघत नाहीत. शेत ओलांडायला 'क्विक' पुरतं. 'फास्ट'ने माणसं दमतात आणि पलीकडच्या बांधाशी पोचतात तेव्हा नेम लागत नाही. शक्य असेल तर मधून न जाता बाजूच्या कुंपणाच्या कडेने जा, म्हणजे दोनांपैकी एकाच कोपऱ्याचा मारा झेलावा लागतो.

उखळी तोफांचं गणित वेगळं आहे. मारा मागवला की आधी अंदाजाचे गोळे पडतात, आणि ते पडताना मागवणाऱ्याला दिसले पाहिजेत. तो बांधाआड असला तर दुरुस्ती चुकते आणि पूर्ण मारा भलत्याच कुणग्यात पडतो, कधी आपल्याच डोक्यावर. मारा यायला काही मिनिटं लागतात, तोवर मागवणाऱ्याला हलवू नका. पहिल्या टर्नच्या आधी, मांडणीच्या वेळीच मागवलेला मारा मात्र अंदाजाचे गोळे न टाकता ठरलेल्या जागी पडतो. पहिल्या कुंपणासाठी तो वापरा.

रणगाडा नेहमी पायदळाच्या एक बांध मागे. पाणंदीत त्याला वळता येत नाही आणि पँझरफाउस्ट ६० या जर्मनांच्या हातात धरून डागायच्या रणगाडाभेदी अस्त्राचा पल्ला ६० मीटर असतो, म्हणजे लहान शेताच्या पलीकडच्या कुंपणामागूनही ते पोचतं. झाकण उघडं ठेवलं तर कमांडरला बरंच जास्त दिसतं, पण गोळी त्यालाच आधी लागते. शेजारचं शेत आपल्या ताब्यात असेल तरच उघडं ठेवा.

एक बारीक पण फार उपयोगाची गोष्ट. हलण्याचा बिंदू ठेवलात की तो निवडून 'टार्गेट'ची रेघ ओढून बघा. तिथे पोचल्यावर काय दिसेल याचा अंदाज आधीच येतो. बांधाला चिकटणारा बिंदू आणि त्याच्या एक चौकोन (८ मीटर) मागचा बिंदू यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. निम्म्या चुका या रेघेनेच पकडल्या जातात.

लॅपटॉपचं म्हणाल तर लहान नकाशे घ्या, सावल्या बंद करा, मॉडेल आणि टेक्सचरचा दर्जा कमी करा. नेटचा भरवसा नसला तरी मात्र इथे अडत नाही. या खेळात ईमेलवर डाव खेळता येतो. आपल्या आज्ञा एका फाइलमध्ये जातात, 'आउटगोइंग ईमेल' फोल्डरमधून ती समोरच्याला पाठवायची, त्याची फाइल 'इनकमिंग ईमेल'मध्ये टाकायची. दोघांनी एकाच वेळी बसायची गरज नसते, रेंज आली की मोबाइलवरून फाइल पाठवली तरी चालतं. माणसाशी खेळलात तर पाहण्या-दाबण्याची सवय पटकन लागते, कारण तो कोपरा सोडून भलतीकडेच लपतो. आणि हे सगळं लॅपटॉपला झेपतच नसेल तर विनएसपीडब्ल्यूडब्ल्यू२ हा जुन्या स्टील पँथर्सवरून बनवलेला फुकट खेळ बघा. षटकोनी चौकटी, एक चौकट ५० मीटरची, १९३० ते १९४६ चा काळ, आणि तोही ईमेलवर खेळता येतो.