समितीत जाण्याआधी

प्रिय मुली,

अभ्यासक्रम समितीवर तुला घेतलं हे वाचून आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. कॅलिफोर्नियात मी तीस वर्षं एथ्निक स्टडीज, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समुदायांचा अभ्यास, शिकवलं, विभागही सांभाळला. त्यातली निम्मी लढाई समितीच्या टेबलावर, एकेका शब्दासाठी झाली.

सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातला विद्यार्थ्यांचा संप तू शिकवतेस. ६ नोव्हेंबर १९६८ ला सुरू होऊन तो मार्च १९६९ मध्ये मिटला. त्या विद्यार्थ्यांच्या पंधरा मागण्या पुन्हा एकदा सावकाश वाच. आमचा इतिहास शिकवा, एवढं म्हणून ती पोरं थांबली नव्हती. स्वतंत्र विभाग हवा, प्राध्यापक नेमण्याचा अधिकार त्या विभागाकडेच हवा, ब्लॅक स्टडीजला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाला, प्राध्यापकांच्या वीस पूर्णवेळ जागा हव्यात, असं आकड्यानिशी मागितलं होतं. जागा नसेल तर विषय टिकत नाही, हे त्यांना त्या वयात कळलं होतं. मला कळायला उशीर लागला.

माझ्या पहिल्या कॉलेजात पदवीसाठीच्या सक्तीच्या कोर्सची अट लिहिताना मी ‘विविधता’ या शब्दावर तडजोड केली. सगळे खूश झाले. तिसऱ्या वर्षी त्या अटीत पर्यटनाचा कोर्स बसला आणि चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, इतिहासाचा वर्ग बंद पडला. तो शिकवणारा सहकारी तासिका तत्त्वावर होता. तो गाव सोडून गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून व्याख्या ढिली ठेवू नकोस. जुलै २०२० मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या विश्वस्तांनी ‘एथ्निक स्टडीज आणि सामाजिक न्याय’ अशी ऐसपैस अट मंजूर केली होती. पण तेव्हाच्या आमदार शर्ली वेबर यांचं एबी १४६० विधेयक तेव्हा विधिमंडळात होतंच. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात आफ्रिकाना स्टडीज शिकवण्यात या बाईंची कितीतरी वर्षं गेलेली, त्यामुळे शब्द कुठे निसटतात हे त्यांना ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये कायदा झाला: पदवीसाठी तीन युनिटचा (क्रेडिटचा) कोर्स, तोही मूळ अमेरिकन, आफ्रिकन अमेरिकन, एशियन अमेरिकन किंवा लॅटिनो समुदायांच्या अभ्यासातलाच.

एशियन अमेरिकन कोर्समध्ये जात कशी आणू, असं तू विचारलंस. सरळ आण. जानेवारी २०२२ मध्ये याच कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने भेदभावविरोधी धोरणात जातीचं नाव घातलं, ते दलित विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केला म्हणून. आपल्याच ओळखीतले काही लोक बोलणं टाकतील. माझ्याशीही टाकलं होतं. तरी जातीवरचा तो आठवडा गाळू नकोस.

प्रस्ताव समितीपुढे ठेवण्याआधी मला पाठव. वाचनयादी नंतर बघू. कायम जागेवर कोण शिकवणार, ते पहिल्या पानावर लिही.

तुझी,
मावशी