माध्यम सिद्धांताच्या आधारे म्युझिक व्हिडिओचे विश्लेषण कसे करावे? कोणता सिद्धांत निवडावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: सिद्धांत कोणता घ्यावा आणि लेखनाची सुरुवात कोठून करावी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण नेमक्या त्याच मुद्द्यावर माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचे गुण कापले गेले होते आणि तो निर्णय चुकीचा होता, असे माझे आजही ठाम मत आहे. सुरुवात कानापासून करा. आवाज बंद करून व्हिडिओ पाहायचा, एखादी फ्रेम गोठवायची आणि प्रकाशयोजना, वेशभूषा, कॅमेऱ्याचा कोन यांवर पानेच्या पाने लिहायची, ही पद्धत म्युझिक व्हिडिओसाठी निरुपयोगी आहे. येथे गाणे आधी तयार असते आणि चित्र त्यावर बसवले जाते. गाणेच वगळले तर ते चित्र तसे का बसवले, हे कळायला मार्गच उरत नाही.

मी प्रबंधासाठी जो व्हिडिओ निवडला होता, त्यात एक गायिका रिकाम्या खोलीत एकटी गाते, याहून अधिक काही घडत नाही. गाण्याची गती मिनिटाला ९६ ठोके होती. म्हणजे एक ठोका ०.६२५ सेकंदाचा आणि चार ठोक्यांचे आवर्तन अडीच सेकंदांचे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या की एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम येतात, त्यामुळे कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, पडतो की तिच्या आधी, हे अंदाजाने नव्हे तर मोजून सांगता येत होते. मी प्रत्येक शॉटची नोंद केली: तो कोठे सुरू होतो, किती टिकतो, चौकटीत काय दिसते आणि गायिकेचे ओठ हलतात की नाही. कडव्यांमध्ये प्रत्येक कट समेवर होता. घोटा, खांदा, मान, बोटे, पुन्हा मान. प्रत्येक तुकडा अडीच सेकंदांचा. पहिल्या दोन्ही ध्रुवपदांतही चेहऱ्याचे जवळचे शॉट तसेच तुटक येत होते, मात्र तेथे ती गाताना दिसत होती. शेवटच्या ध्रुवपदात कट पडतच नाही. आठ आवर्तने, म्हणजे पूर्ण २० सेकंद, एकच शॉट चालतो. तिचा चेहरा, नजर थेट कॅमेऱ्यात आणि ओठ मिटलेले. आवाज मात्र गातच राहतो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा तक्ता उभ्या-उभ्या चाळला आणि ते म्हणाले, “हे मोजमाप संगीत विभागात नेऊन द्या. यात सिद्धांत कोठे आहे? पुरुषी नजरेबद्दल एक शब्दही नाही.” त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. ते उत्तर त्याच तक्त्यात होते, हे मला फार उशिरा उमगले.

पुरुषी नजरेची संकल्पना चित्रपट-सिद्धांतकार लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकातील निबंधातून मांडली. मुख्य प्रवाहातील चित्रपट स्त्रीला पाहण्याची वस्तू बनवतो, आणि क्लोज-अप तिच्या शरीराचे तुकडे करून प्रेक्षकापुढे ठेवतो, हा त्यातील एक मुद्दा. माझ्या व्हिडिओत हे तुकडे कशाच्या जोरावर पडत होते? समेच्या. दोन कडवी ऐकून होईपर्यंत कानाला सवय लागते की सम आली म्हणजे शरीराचा नवा तुकडा समोर येणार, आणि तो आला की ठेका पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. पाहण्याचा आनंद ठेक्याला असा बांधून टाकलेला असतो. शेवटी आठ वेळा सम येते आणि आठही वेळा काहीच मिळत नाही. आता ती अखंड आहे, आपल्याकडे पाहते आहे आणि आपल्यासाठी ओठसुद्धा हलवत नाही. आवाज बंद केला तर हा केवळ एक लांबलेला शॉट आहे. नजरेला दिलेला नकार ऐकूच येतो, दिसत नाही.

अभ्यासक व्हिडिओतील संगीताकडे दुर्लक्ष करतात, ही तक्रार माझ्या एकटीची नाही. संगीत आणि माध्यमांचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात चित्रपट-अभ्यासातून आलेल्या लेखनावर हाच आक्षेप घेतला होता. चित्र शब्दांचे सरळ चित्रण करते, त्यांत भर घालते की त्यांच्याशी फारकत घेते, ही त्यांची विभागणी आजही सर्वाधिक कामाची आहे. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: आधी गुडविन, आणि तक्ता पूर्ण झाल्यावर त्यात जे सापडेल त्यानुसार दुसरा सिद्धांत. कलाकाराची प्रतिमा कशी घडवली आहे हा प्रश्न पुढे आला, तर चित्रपट-तारकांच्या प्रतिमेचे अभ्यासक रिचर्ड डायर. वस्तू आणि रंग यांचे सूचितार्थ महत्त्वाचे वाटले, तर चिन्हांच्या अर्थाचा अभ्यास करणारे रोलाँ बार्थ. सिद्धांत आधी ठरवून व्हिडिओ शोधणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांचे निबंध एकमेकांसारखेच होतात.

चित्रीकरण कसे होते, हेही थोडे जाणून घ्या. केस संथ लहरताना दिसतात आणि ओठ मात्र गाण्याशी जुळतात, असा शॉट पाहिलात तर तेथे बहुधा गाणे दुप्पट वेगाने वाजवून सेकंदाला ४८ फ्रेमने चित्रण केलेले असते आणि ते २४ फ्रेमने दाखवले जाते. हे माहीत नसले की आपण त्या स्वप्नवत हालचालीला अभिनयाचे श्रेय देऊन बसतो.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. मल्व्ही यांचा निबंध हॉलीवूडच्या कथाचित्रपटांबद्दल आहे. व्हिडिओत ज्याच्या डोळ्यांनी पाहावे असा नायक अनेकदा नसतोच, त्यामुळे त्यांची मांडणी जशीच्या तशी उचलू नका. गुडविन यांचे मुद्देही खुणा करत जाण्याची यादी म्हणून वापरू नका. प्रेक्षक आशय स्वीकारतो, त्याच्याशी वाटाघाट करतो किंवा त्याला विरोध करतो, असे संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचे वाचनाचे तीन प्रकार वापरणार असाल, तर प्रत्यक्ष प्रेक्षकांशी बोला. तिन्ही प्रकारचे प्रेक्षक स्वतःच्या कल्पनेतून उभे करू नका. आणि नुसता तक्ता म्हणजे विश्लेषण नव्हे, एवढे त्या परीक्षकांचे म्हणणे बरोबर होते. अर्थ लावण्याचे काम मी तेव्हा अर्धवट सोडले होते.

तुमच्या परीक्षेत कोणी सिद्धांत कोठे आहे असे विचारले, तर वाद घालत बसू नका. तक्त्यातील नेमकी ओळ पुढे करा, व्हिडिओ त्या सेकंदापासून लावा आणि आवाज चालू ठेवा.