तीन ओरिजिनल, एक परका: सायलेन्सरसाठी ठेव मोडावी का?

तुमचं पत्र थोडक्यात असं. मामांकडून आलेली १९७४ ची होंडा सीबी ७५० फोर तुमच्याकडे आहे. चारपैकी तीन सायलेन्सर कंपनीचे, ‘एचएम ३४१’ असा ठसा असलेले. उजवीकडचा खालचा कधीतरी बदललेला, बिनठशाचा, मागचं टोक बोटभर लांब. एका विक्रेत्याकडे चारही नवेकोरे, खोक्यातले ओरिजिनल नग आहेत. पूर्ण सेटची किंमत तुमच्या घरच्या चार महिन्यांच्या खर्चाइतकी. तुमच्याकडे सहा महिन्यांच्या खर्चाची मुदत ठेव आहे. कमावणारे तुम्ही एकटे, आईवडील सोबत, मुलगी शाळेत. ‘ही गुंतवणूकच आहे, मग ठेव मोडून घेऊ का?’ असं तुम्ही विचारलंय.

ठेव मोडू नका.

ती ठेव म्हणजे शिल्लक पडलेले पैसे नव्हेत. एका पगारावर सगळं घर चालतं, त्या पगाराला खंड पडला तर घर सावरायला ती आहे. सेट घेतलात तर हातात दोन महिने उरतील. दर महिन्याला खर्चाच्या पाचव्या भागाइतकी बचत होते असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे गेलेले चार महिने भरून काढायला वीस महिने लागतील, तेही मधे काहीच अडलं नाही तर. वडिलांच्या औषधांचा उल्लेख तुम्हीच केलाय. हे वीस महिने मला परवडणारे वाटत नाहीत.

आता ‘गुंतवणूक’ या शब्दाकडे येऊ, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. खोक्यातल्या सेटला भाव आहे तो खोक्यात असेपर्यंत. गाडीला बसवून इंजिन चालू केलंत की तो वापरलेला माल झाला. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण गाडी पुरती तापायच्या आत बंद केली तर आतच साचतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. वरचा क्रोम झगमगत असतो, खाली पाणी निघायच्या भोकातून तपकिरी ओघळ येतो. तुमच्या फेऱ्या रविवारच्या आणि जवळच्या. सेट न बसवता माळ्यावर ठेवलात, तर गाडी आहे तशीच राहिली आणि ठेवही गेली. शिवाय अडीनडीला तो विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक शोधण्यात महिने जातात. मुदत ठेव मोडायला फार तर थोडं व्याज सोडावं लागतं.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात सहज येऊन गेली आहे, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्याकडचे तीन सायलेन्सर याच गाडीबरोबर आलेत. १९६९ मध्ये ही मोटरसायकल बाजारात आली तेव्हा चार सिलिंडर आणि चार स्वतंत्र सायलेन्सर हीच तिची ओळख झाली. पुढे अनेक मालकांनी वजन कमी करायला किंवा आवाजासाठी ते काढून चार-एक पाइप, म्हणजे चारही नळ्या एकाच सायलेन्सरला जोडणारे, बसवले; खुद्द होंडानेही १९७५ च्या सीबी ७५० एफला चार-एकच दिला. गाडीबरोबरचे जुने नग म्हणूनच कमी उरलेत. ते उतरवून पूर्ण नवा सेट चढवणं म्हणजे गाडीचं खरं अंग काढून ठेवणं. स्वस्तातला डुप्लिकेट पूर्ण सेटही तुम्हाला कोणी सुचवलाय, सव्वा महिन्याच्या खर्चात. चारही सारखे दिसतील हे खरं, पण जाणकार गिऱ्हाईक खाली वाकून पहिल्यांदा ठसाच बघतं.

म्हणून चार घेऊ नका, एक घ्या: उजवीकडचा खालचा, वापरलेला, त्याच ठशाचा. मागताना जागा नेमकी सांगा. चारही जागांचे नग वेगवेगळे असतात. वरचा खाली किंवा डावा उजवीकडे बसत नाही.

तुमच्या पाहण्यात आलेला असा एक नग अर्ध्या महिन्याच्या खर्चात मिळतोय, पोचा पडलेला. पैसे देण्याआधी तो हातात घ्या. बोटाच्या पेराने टोकापासून पुढपर्यंत ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो. हलवून पाहा, आत काही खडखडलं तर जाळी सुटली आहे. टोकातून टॉर्च मारा. क्रोमच्या दुकानात दाखवल्याशिवाय सौदा पक्का करू नका, कारण नव्या प्लेटिंगआधी जुना थर आणि गंज ॲसिडने काढतात आणि त्यात पातळ झालेल्या पत्र्याला भोकं पडतात. मग नगही गेला आणि मजुरीही.

प्लेटिंग, नवी क्लॅम्प आणि गॅस्केट यांना आणखी पाव महिन्याचा खर्च धरा. बेंड पाइपला, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळीला, हात लावावा लागला तर इंजिनच्या हेडवरचे बोल्ट जपून सोडवायला सांगा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पन्नास वर्षं बसलेला पोलादी बोल्ट तुटला, तर ते काम सायलेन्सरपेक्षा महाग पडू शकतं. एकूण पाऊण महिन्याचा खर्च होतो. निम्मी बचत यासाठी वेगळी काढलीत आणि निम्मी मुलीच्या खात्यात जाऊ दिलीत, तर साधारण आठ महिन्यांत जमतं. हा नग तोवर थांबला नाही तर जाऊ द्या. घाई विक्रेत्याला आहे, तुमची गाडी तर चालते आहे.

ती नीट चालते का, हे मात्र आधी बघून घ्या. परक्या सायलेन्सरची आतली रचना वेगळी असेल तर त्या एका सिलिंडरचा श्वास वेगळा होतो. चारही प्लग काढून कागदावर क्रमाने मांडा. सगळ्यांचा रंग सारखाच फिका तपकिरी असेल तर तुमचा प्रश्न फक्त दिसण्याचा आहे, आणि तो आठ काय, अठरा महिनेही थांबू शकतो. उजवीकडचा एखादा पांढरट किंवा काळा निघाला तर कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग आधी करून घ्या. ते या महिन्याच्या पगारात बसेल.

विम्याचंही बघा. पॉलिसीत गाडीची किंमत आधी ठरवून घेता येत असेल, तर चारही ठशांचे फोटो आणि पावत्या त्या फाइलला जोडा. आणि काढलेला बिनठशाचा सायलेन्सर भंगारात देऊ नका. तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून ठेवा; ओरिजिनलला कधी भोक पडलं तर तोच गाडी रस्त्यावर ठेवेल.