भास थांबले, पण डोकं साथ देत नाही

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. पाच वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. औषधं नियमित घेतो, कानात येणारे आवाज दीड वर्षापासून बंद आहेत. पण वाचायला बसला की परिच्छेद संपेपर्यंत सुरुवात विसरतो. तीन कामं सांगितली तर एक करतो आणि बसून राहतो. त्याचे वडील म्हणतात, आता बरा झालाय, हा निव्वळ आळस आहे. कुणीतरी मेंदूच्या व्यायामाचं ॲप सुचवलं. रोज तासभर खेळतो, गुण वाढतायत, घरात मात्र काडीचा फरक नाही. अशा सरावाचा खरंच उपयोग होतो का? – एक आई

उत्तर : ताई, मुलाच्या वडिलांनाही हे उत्तर वाचायला द्या, कारण ‘आळस’ हा शब्द मला आधी खोडायचा आहे. या आजारात भास आणि संशय उठून दिसतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. पण लक्ष टिकवणं, ऐकलेलं काम होईपर्यंत मनात धरून ठेवणं, विचारांचा वेग, कामांचा क्रम लावणं या गोष्टीही त्याच आजारात मंदावतात. कित्येकांच्या बाबतीत तर पहिला भास होण्याच्या आधीपासूनच. औषधं आवाज थांबवतात, या अडचणीवर मात्र त्यांचा फारसा जोर चालत नाही. तुम्ही तीन कामं सांगता तेव्हा पहिलं करेपर्यंत उरलेली दोन त्याच्या हातातून निसटलेली असतात. मग तो बसतो, कारण पुढे काय करायचं होतं ते त्याला सापडत नाही. आणि ‘विसरलो’ म्हणायची त्याला लाज वाटत असेल.

आता ॲपबद्दल. एकच खेळ रोज खेळला की माणूस त्या खेळात तरबेज होतो. तेवढ्याने वाचन सुधारत नाही. लक्ष, स्मरण, विचार यांची कौशल्यं सरावाने सुधारण्याचा कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाचा जो उपचार आहे, त्यातही संगणकावरचे सराव असतात, पण शेजारी प्रशिक्षित माणूस बसलेला असतो. २०२१ साली ‘जामा सायकिॲट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात या उपचारावरच्या १३० अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात मिळून ८,८५१ जण होते. विचारकौशल्यं आणि रोजचं वावरणं, दोन्हींत सुधारणा दिसली. ती लहानशी होती, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण सक्रिय थेरपिस्ट, काम करण्याच्या युक्त्या शिकवणं आणि सरावाची नोकरी-शिक्षणाच्या पुनर्वसनाशी सांगड हे असेल तिथे फायदा जास्त होता. तुमच्या ॲपमध्ये नेमकं हेच नाही.

माझ्याकडे एक तरुण यायचा. त्याला ग्रंथालयातलं पुस्तकं लावायचं काम पुन्हा सुरू करायचं होतं. पुस्तकावरचा सहा आकडी क्रमांक वाचून तो कपाटाकडे वळायचा आणि चार पावलांत क्रमांक गायब! आम्ही टेबलावर आकड्यांची कार्डं मांडली. आधी दोनच आकडे, चुकायला वाव राहू नये इतकं सोपं. मग आकडे जोडीजोडीने तोडून म्हणायचे : एकेचाळीस, शून्य सात, त्रेसष्ट. आधी मोठ्याने, मग पुटपुटत, मग मनात. प्रत्येक फेरीनंतर मी विचारायची, ‘आत्ता कसं जमवलंस?’ सुरुवातीला तो खांदे उडवायचा. सातव्या-आठव्या आठवड्यात एकदा मला फोन आला, मी कुणाला तरी नंबर विचारून तो मोठ्याने म्हणत होते, तर हा समोर बसून तो नंबर जोडीजोडीने पुटपुटत होता. मी कागद शोधत राहिले, नंबर त्यानेच मला सांगितला. त्यानंतर आम्ही कार्डं बाजूला ठेवली आणि खऱ्या कपाटापाशी गेलो. तिथे चुका पुन्हा वाढल्या. वाढतातच. म्हणून तर तिथपर्यंत सोबत जावं लागतं.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, सुमारे तासभर, असं तीन-चार महिने चालतं. औषधांऐवजी नव्हे, औषधांच्या जोडीने. ‘हे करून देणारं आपल्याकडे कोण?’ असं मानसोपचारतज्ज्ञांनाच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असं काम करतात. त्याच भेटीत गोळ्यांची यादीही दाखवा. हातांची थरथर किंवा ताठरपणा कमी करण्यासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या औषधाने स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते. डॉक्टर बघून डोस कमी करू शकतात किंवा बदलू शकतात. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

तोवर घरी एका वेळी एकच काम सांगा आणि ते त्याच्या तोंडून एकदा वदवून घ्या. वाचताना दोन-तीन ओळींनंतर थांबून ‘काय झालं?’ एवढंच त्याला स्वतःला विचारू दे. आणि त्याला काय परत हवंय, ते त्यालाच विचारा. सिनेमाची गोष्ट शेवटपर्यंत कळावी, मित्राशी बोलताना धागा सुटू नये, काहीही असेल. सराव तिथूनच सुरू करायचा. कामांची चिठ्ठी दारावर लावणार असाल तर ती त्याच्याच हातून लिहून घ्या. आईच्या अक्षरातली चिठ्ठी त्याला हुकूम वाटेल, स्वतःच्या अक्षरातली तो वाचेल.